तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळ खरं बोलतं का?

तळजाईवर सकाळी भेटणाऱ्या मैत्रिणी, लिफ्टमधले शेजारी, दिवाळीला आलेले पाहुणे, सगळे माझ्या मनगटाकडे बघून एकच विचारतात: "हे खरं सांगतं का हो?" किंमत पुणेकर तोंडावर विचारत नाहीत, घरी जाऊन फोनवर बघतात. खरं-खोटं मात्र मलाच विचारतात, कारण गेली काही वर्षं मी स्मार्टवॉच वापरते आणि कुठलीही वस्तू घरात आली की तिची उलटतपासणी केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे.

तर, घड्याळ मुद्दाम खोटं बोलत नाही, पण त्याला कळतं फार थोडं. कातडीवरून परत आलेला उजेड त्याला कळतो आणि मनगट कसं हललं ते कळतं. जरा वरच्या किमतीचं असेल तर हवेचा दाब, आजूबाजूचा आवाज आणि उपग्रहावरून आपली जागाही कळते. झालं, जवळजवळ संपलं. बाकी पडद्यावर जे जे दिसतं, म्हणजे झोप, ताण, कॅलरी, 'आज तुम्ही किती ताजेतवाने', ते या दोन-चार गोष्टींवरून बांधलेले आडाखे असतात. कानगोष्टींच्या खेळात शब्द जसा पुढे पुढे बिघडत जातो तसंच इथेही होतं. आकडा मूळ उजेडापासून आणि हालचालीपासून जितका लांबचा, तितका त्याच्यावर विश्वास कमी ठेवायचा.

नाडीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात जवळची. रात्री अंधारात हात वळवला की मनगटाखालून हिरवा उजेड सांडताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त क्षणभर जास्त येतं, म्हणून तेवढ्यापुरता उजेड कमी परततो. रक्त ओसरलं की पुन्हा वाढतो. ही भरती-ओहोटी मोजली की नाडी मिळते. खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी चांगलं घड्याळ फार छान सांगतं. मानेवर बोटं ठेवायची, 15 सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं, एवढी परीक्षा कुणालाही घेता येते. माझ्या घड्याळाचा फरक बसल्या जागी दोन-तीन ठोक्यांचा निघतो.

आता तेच घड्याळ घालून डिसेंबरात भल्या सकाळी पर्वती चढा. पायऱ्या 103. हात गार पडलेले, म्हणजे कातडीकडे रक्त आधीच कमी आलेलं, त्यात पट्टा सैल आणि हात हलतोय. अशा वेळी घड्याळ कधीकधी नाडी सोडून पावलांचा ताल धरतं, कारण त्यालाही ठेका हवा असतो आणि जो जोरकस मिळतो तो ते पकडतं. वर पोचेपर्यंत छातीत धाडधाड होत असतं आणि पडद्यावर निवांत 108. पावलं मोजून बघा, मिनिटाला तेवढीच पडत असतात. यावर उपाय साधा आहे. चढण सुरू करायच्या आधी पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवायचा आणि एक भोक घट्ट करायचा. बांगड्या त्या हातात नकोत. आणि आमच्या आजीसारखं मनगटावर गोंदवून घेतलेलं असेल, तर शाई उजेड अडवते. तिथे दुसरा हात बघावा लागतो.

आमच्याकडे याआधी एक स्वस्तातलं घड्याळ होतं. 2021च्या एप्रिलमध्ये ऑक्सिमीटर मिळेनात, तेव्हा घाईघाईने घेतलेलं. कंपनीचं नाव सांगत नाही, तशी डझनभर होती. सगळ्यांचा ऑक्सिजन 97 किंवा 98, एकाचाही कधी 95 नाही, यावरून मला शंका आली. घरात आजारी माणूस असताना यंत्र इतकं खूश कसं? मग मी ते लाटण्याला बांधलं. ओट्यावर ठेवलं, बक्कल नीट लावलं आणि मोजायला सांगितलं. थोडा वेळ लाल उजेड लुकलुकला आणि उत्तर आलं: नाडी 74, ऑक्सिजन 97. लाटणं शिसवी आहे, सासूबाईंच्या लग्नातलं. तब्येतीने ठणठणीत निघालं.

यात थोडं समजून घेण्यासारखं आहे. दवाखान्यातला चिमटा बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त उजेड सोडतो आणि पलीकडच्या बाजूने पकडतो. मनगट जाड, हाडांचं. तिथून उजेड आरपार जात नाही, म्हणून घड्याळाला परत फिरलेल्या उजेडावर भागवावं लागतं आणि तो दुबळा असतो. दुबळ्या खुणेवरून काही सांगता येत नसेल तर प्रामाणिक यंत्राने गप्प बसावं. आत्ताचं माझं घड्याळ तसं करतं: हात हलला की आकड्याच्या जागी दोन रेघा दाखवतं आणि पुन्हा प्रयत्न करा म्हणतं. लोकांना त्या रेघा बघून वाटतं, घड्याळ बिघडलं. मला त्या रेघांमुळेच त्याच्याबद्दल आदर आहे.

खरं-खोटंच्या पाठोपाठ हळूच येणारा प्रश्न म्हणजे "साखर कळते का?" नाही कळत. सुई न टोचता, नुसत्या मनगटावरून रक्तातली साखर मोजतो म्हणणारी घड्याळं ऑनलाइन ढिगाने दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024मध्ये जाहीर इशारा दिला की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. दंडावर चिकटवायचा जो सेन्सर असतो आणि जो घड्याळावर आकडा पाठवतो, तो वेगळा. त्याला कातडीखाली बारीक तार असते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने मनगटावरच्या काल्पनिक साखरेवरून डोस ठरवला तर काय होईल, ते सांगायला नको. रक्तदाबाचंही जवळपास तसंच. सॅमसंगच्या काही घड्याळांत ती सोय आहे, पण आधी दंडाला पट्टा बांधणाऱ्या नेहमीच्या यंत्राशी ते जुळवून घ्यावं लागतं आणि दर चार आठवड्यांनी परत जुळवावं लागतं. म्हणजे ते यंत्र घरात लागतंच. मग त्यावरच का नाही बघायचं, असं माझ्या पुणेरी मनाला वाटतं.

पावलांचं प्रकरण मजेशीर आहे, कारण घड्याळ पावलं बघतच नाही. ते हाताचे झोके बघतं. चौघांच्या पोळ्यांची कणीक मळली की माझी पावलं वाढतात, ओट्यापाशी उभ्या उभ्या. उलट मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, घामाघूम होऊन रिक्षास्टँडपर्यंत चाललं तर त्यातली निम्मी कुठेतरी गळतात, कारण पिशवी धरलेला हात झुलत नाही. भाचीचा ढोलपथकाचा सराव असतो पावसाळ्यात नदीपात्रात. एका हातात ढोल वाजवायचं टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. एकदा उत्साहाच्या भरात घड्याळ काढायला विसरली तर जागेवर उभी राहून ती सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन आल्याएवढी 'चालली' होती.

बरं, रोज 10,000 पावलं चालायची हे कुणी ठरवलं? डॉक्टरांनी नव्हे. 1964च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली आणि 1965मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं; दहा हजार हा आकडा त्या यंत्राच्या नावातच घातला होता. विक्रीला गोल आकडा बरा. पुढे 2019मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या गटाने सरासरी 72 वर्षांच्या 16 हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7,500च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. हे मी आमच्या शेजारच्या काकूंना सांगितलं, तेव्हापासून त्या रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये उरलेल्या पावलांसाठी फेऱ्या मारायच्या थांबल्या. वॉचमनही सुटला.

कॅलरीचा आकडा तर मी पडद्यावरून काढूनच टाकलाय. तो नाडीवरून, हालचालीवरून आणि तुम्ही भरलेल्या वय-वजनावरून काढतात. वजन किती खरं भरलंय ते ज्याचं त्याला माहीत. 2017मध्ये स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीत सातपैकी सहांची चूक 5 टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र त्यातलं सगळ्यात बरं यंत्र 27 टक्क्यांनी चुकत होतं आणि सगळ्यात वाईट 93 टक्क्यांनी. एकाच मनगटावर, एकाच यंत्रात! तेव्हा 'आज चारशे जाळल्या, एक मस्तानी चालेल' हा हिशेब घड्याळाच्या नावावर खपवू नका. मस्तानी प्यायची तर सरळ प्या.

आणि ताण. हा सगळ्यात लांबचा आकडा. दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं यावरून घड्याळ तो ताडतं. विसर्जनाच्या दिवशी भाचीचं पथक लक्ष्मी रस्त्यावर होतं आणि मी फूटपाथवर गर्दीत दाबून उभी होते. तिचा वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस. त्या वेळी तिचं घड्याळ म्हणत होतं, ताण खूप आहे, थांबा, एक दीर्घ श्वास घ्या. तेव्हा ती ढोल कमरेला बांधून, समोरच्याच्या टिपराकडे डोळे लावून होती. घड्याळाला धडधड कळली. धडधड कशाची ते कळायला त्याला मन लागलं असतं. माझ्या मनगटावरही सूचना आली, ती मात्र रास्त होती: आवाज 90 डेसिबलच्या वर आहे, अर्धा तास याच पातळीवर थांबलात तर कानाला धोका. तिथे घड्याळाने मायक्रोफोनने ऐकलं आणि मोजलं, मधे अंदाज फार नव्हता. मी पदराचं टोक कानाशी धरून आणखी तासभर उभी राहिले हे सोडा.

झोपेबद्दल थोडक्यात. झोपेच्या तपासणीत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात. घड्याळ फक्त हात हलला का आणि नाडी उतरली का एवढंच बघतं. कधी झोपलात, कधी उठलात हे बऱ्यापैकी जमतं. गाढ झोप किती आणि स्वप्नाची किती हे रंगीत पट्टे मात्र मनावर घेऊ नयेत. यजमान रात्री अंथरुणात न हलता वाचत पडतात, त्यांच्या घड्याळाच्या मते ते घोरत असतात. सकाळी उठल्यावर आपल्याला बरं वाटतंय की नाही हे आधी स्वतःला विचारावं आणि मग घड्याळाला. उलट क्रमाने विचारलं तर छान झोपलेला माणूसही दिवसभर दमलेला राहतो. आमच्या ऑफिसात असे दोघं आहेत.

मग वापरते कशाला? एक तर विश्रांतीच्या नाडीसाठी. एकेक आकडा सोडून द्यायचा, आठवड्याच्या आलेखाची रेघ बघायची. नेहमी साठीच्या आत-बाहेर असणारी माझी रेघ अचानक दहाने वर गेली की दुसऱ्या दिवशी घसा धरतो नाहीतर ताप येतो. कशामुळे ते घड्याळ सांगत नाही. पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत मी ती रेघ बघून लवकर झोपते आणि नाही उतरली तर डॉक्टरांकडे जाते. दुसरं कारण अगदी रस्त्यावरचं आहे. स्कार्फ, त्यावर हेल्मेट, पाठीला सॅक, अशा अवतारात स्वारगेटच्या चौकात फोन काढणं म्हणजे वेडेपणा. घड्याळ मनगटावर थरथरतं, सिग्नलला थांबल्यावर एक नजर टाकली की कळतं फोन आईचा आहे की कर्ज देणाऱ्यांचा.

ठोक्यांची लय बिघडली तर सांगणारी घड्याळंही आहेत आणि ते काम उपयोगाचं आहे. अॅपलच्या चार लाखांवर लोकांच्या अभ्यासात, जो 2019मध्ये प्रसिद्ध झाला, तशी सूचना जेमतेम अर्धा टक्का लोकांना आली. सूचना आली तर घाबरून न जाता डॉक्टरांना दाखवायचं. पण एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते: हार्ट अटॅक घड्याळाला कळत नाही, बनवणारेही तसं स्पष्ट लिहितात. छातीत दुखतंय, घाम फुटलाय आणि घड्याळ सगळं ठीक म्हणतंय, तर घड्याळ काढून बाजूला ठेवा आणि 108 फिरवा.

कोणतं घेऊ, हे विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे मॉडेलचं नाव नाही. दुकानात घातल्यावर हात हलवा आणि नाडी मोजायला सांगा. रेघा दाखवल्या तर चांगली खूण. काढून काउंटरवरच्या पेनस्टँडला बांधून बघा. दुकानदार काय म्हणेल ते म्हणेल. बाजूला खरं दाबायचं बटण आहे ना ते बघा, कारण पावसात ओल्या काचेवर बोट चालत नाही आणि थेंबच मनाला येईल त्याला फोन लावतात. मराठी मेसेज पाठवून बघा, स्वस्तातल्या काहींत अक्षरांऐवजी नुसते चौकोन येतात. आणि चार्जर प्रत्येकाचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा चालत नाही. गावाला जाताना तो आधी पिशवीत टाका.