चेहऱ्याखाली हिरवा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जुन्या धाटणीचं व्यक्तिचित्र तैलरंगात शिकायला लागल्यापासून अर्धवट कॅनव्हास बघणारा प्रत्येक जण हेच विचारतो, आणि ‘पद्धत आहे’ एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही.

पद्धत आहेच. इटलीच्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४००च्या सुमारास लिहून ठेवलंय: चेहऱ्याला आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर, वर गुलाबी. वरचा रंग झिजलेल्या जुन्या चित्रांत तो हिरवा आजही उघडा दिसतो. मी यलो ऑकर (मातकट पिवळा), आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि पांढरा मिसळतो. त्यातून राखाडी हिरवा निघतो. त्यावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात फिरला की तांबडा आणि हिरवा एकमेकांना दाबतात, कातडी कातडीसारखी दिसू लागते. मधे थांबावं लागतं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खालचा थर कच्चा असताना वरचा सुकला तर तडे जातात. जळगावच्या मे महिन्यातही घाई चालत नाही.

हे सगळं आईला सांगून झालं होतं. नऊवारी, डोक्यावर पदर, पणजीच्या काळातल्या बायका बसत तशी ती दुपारी शेतातून आल्यावर माझ्यासमोर बसायची. हिरवा थर पुरा झाला त्या दिवशी उठून कॅनव्हाससमोर आली. बराच वेळ बघत राहिली.

“हाई कोन शे?”

मी पुन्हा समजावू लागलो. आजीला शेवटची आंघोळ घातली तेव्हा ती अशी दिसत होती, एवढं बोलून आई आत गेली. परत बसली नाही. उरलेलं मी फोटोवरून केलं. नाक जमलं, हनुवटी जमली. नजर मात्र कॅमेऱ्याकडे बघणारीची आहे, माझ्याकडे बघणारीची नाही.

तेव्हाचा मी म्हणायचो, कच्चं चित्र लोकांना कळत नाही. आता तसं म्हणवत नाही. तो रंग आईने माझ्याआधी हाताळला होता.

मग हिरवा सोडत का नाही? उन्हात रापलेल्या आपल्या चेहऱ्यांना अंबर या मातकट रंगाचा तपकिरी थर पुरतो, हे मलाही मान्य आहे. युरोपातल्या कितीतरी चित्रकारांनी पुढे तोच धरला. पण गालाखालच्या सावलीत हिरवा जे करतो, ते अंबरने मला अजून साधलेलं नाही. हट्ट म्हणायचा तर म्हणा.

आता वडील बसायला तयार आहेत. आई म्हणते, कच्चं असताना त्यांना दाखवू नको. मला वाटतं, दाखवावं. यावर आमचं अजून जमलेलं नाही.