मॉरिशसला घर बघून आलो: वारा, परवाना आणि एलआरएस

निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने समुद्राकाठी राहायचं, असं आमच्या दोघांचं ठरलेलं. मॉरिशस निवडलं, कारण मुंबईहून थेट विमानाने सहा तासांत पोचता येतं, आगाऊ व्हिसा लागत नाही आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते!

ऑगस्टमध्ये गेलो ते मुद्दाम. तेव्हा तिथला हिवाळा असतो आणि आग्नेयेचा वारा जोरात. पूर्वेला बेल मारला किनारा देखणा, पण संध्याकाळी गच्चीत बसवेना. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला वारा पडलेला, ऊन कोरडं. डोंगर आड येतात म्हणून हा फरक. आम्हाला पश्चिमच आवडली. जुन्या मराठी वस्तीचं कास्कावेल गावही तिथून जवळ. उत्तरेला ग्राँ बेमध्ये दुकानं, हॉटेलं भरपूर, पण विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला. मोठी खासगी रुग्णालयं मोका, फ्लोरेआलकडे पठारावर आहेत. घर बघताना तिथवरचा रस्ता गर्दीच्या वेळी एकदा जाऊन बघाच.

आता पैशाचं, कारण खरा पेच तिथे आहे. परदेशी माणसाला मोकळी जमीन घेऊन मनासारखं घर बांधता येत नाही. सरकारमान्य प्रकल्पातलं घर घ्यायचं, नाहीतर तळमजल्यावर किमान दोन मजले असलेल्या इमारतीतला फ्लॅट. निवास परवाना हवा तर किंमत किमान ३ लाख ७५ हजार डॉलर. आणि रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. एकट्याच्या नावावर एका वर्षात हे बसत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर घेतलं तर दोघांची मर्यादा जोडता येते. किंवा बांधकाम चालू असलेलं घर घ्यायचं. त्याच्या ‘व्हेफा’ करारात हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार असतात, ते मार्च-एप्रिलच्या दोन्ही बाजूंना विभागता येतात. मात्र काम पूर्ण करून देण्याची बँकेची हमी हातात आल्याशिवाय सही करू नका.

टीसीएसही धरा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. दर वर्षी माणशी १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. एकाच वर्षात दोघांनी मिळून तीन कोटी पाठवले तर ५६ लाख कापले जातात. आयकरात ते वळते होतात, पण तोवर तेवढी रोकड वेगळी लागते. पुढे दर वर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, तो चुकवू नका.

खरेदीखत नोटरी करतो आणि ते बहुधा फ्रेंचमध्ये असतं. बिल्डरने सुचवलेल्या नोटरीवर न थांबता स्वतःचा नेमा. अगदी पाण्यालगतच्या पट्ट्यात, ‘पा जेओमेत्रिक’मध्ये, जमीन सरकारची आणि भाडेपट्ट्यावर असते, किती वर्षं उरली आहेत ते विचारा. वारसाहक्कालाही तिथला कायदा लागतो, त्यात मुलांचा राखीव वाटा असतो. नुसत्या इथल्या मृत्युपत्रावर विसंबू नका.

नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. आपण नसताना शटर कोण लावणार, टाकीतलं पाणी आणि बंद घरातली बुरशी कोण बघणार, हे ठरल्याशिवाय घर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ५० वर्षांवरच्यांना निवृत्तांचा वेगळा परवाना मिळतो, त्याला घर घेण्याची अट नाही. म्हणून आम्ही आधी जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारँला भाड्याने राहणार आहोत. बयाणा त्यानंतर.