मिशिगनचं मीठ आणि ब्रेकचे पाइप

डेट्रॉइट शहराच्या पोटात, साधारण १,१०० फूट खोलवर, मिठाची मोठी खाण आहे. हे मीठ बर्फ वितळवायला रस्त्यावर जातं. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या पट्ट्यात हिवाळाभर ट्रक ते पसरत फिरतात. साधं मीठ उणे ९ अंशांपर्यंत बरं चालतं. थंडी त्याखाली गेली की कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, आणि ही दोन्ही हवेतली ओल ओढून धरतात, म्हणून बर्फ गेल्यावरही गाडीचा तळ सुकत नाही. मालवण-रत्नागिरीकडे खारा वारा पत्रा खातो, तसंच हे, फक्त खालून आणि चिखलासकट.

इकडे शिकायला आलेली मुलं बहुधा जुनी कोरोला किंवा सिव्हिक घेतात. इंजिन ऐकतात, टायर बघतात. तळाखाली टॉर्च मारून ब्रेकचे पाइप, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमार्फत चाकांपर्यंत नेणाऱ्या नळ्या, क्वचितच कुणी बघतं. पाइप पोलादी, दुपदरी, बाहेरून ३/१६ इंच (४.७५ मिमी) व्यासाचा असतो. त्यावर लेप असतो, पण क्लिपमध्ये तो घासला जातो आणि ओला चिखल नेमका तिथेच अडकतो. म्हणून क्लिपांखाली, पेट्रोलच्या टाकीच्या वर आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळ आधी बघा. नुसता तांबूस रंग चालेल. फोड आले असतील, पापुद्रे सुटत असतील किंवा पाइप ओला दिसत असेल, तर ती गाडी चालवायची नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेने जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या ब्रेक पाइपांची चौकशी रिकॉलशिवाय, म्हणजे कंपनीला गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला न लावता, बंद केली. हा मिठाच्या प्रदेशातल्या जुन्या गाड्यांचा सार्वत्रिक प्रश्न आहे, तळ धुवा आणि पाइप तपासून घ्या, असं सांगितलं. म्हणजे खर्च मालकाचाच.

ब्रेकची दोन सर्किटं वेगळी असल्याने एक पाइप फुटला तरी थोडा ब्रेक उरतो, पण पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. अशा वेळी फुटलेला तुकडा कापून मध्ये कॉम्प्रेशन जोड (नट आवळून पाइप नुसता दाबून धरणारा) घालायचा मोह होतो. तो अजिबात नको. जोराने ब्रेक दाबला की पाइपात १,००० पीएसआयच्याही (चौरस इंचावर पाउंड) वर दाब जातो, आणि तो जोड त्यासाठी नाही. शिवाय फुटलेल्या जागेपासून हातभर अंतरावर पुढची जागा तयारच असते. पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदला.

नवा पाइप तांबं-निकेल मिश्रधातूचा घ्या. २५ फुटांचं वेटोळं साधारण ३० ते ५० डॉलरला मिळतं. तो गंजत नाही आणि हाताने वळतो. निव्वळ तांब्याचा पाइप ब्रेकला लावू नये. स्टेनलेस टिकतो, पण इतका कडक असतो की घरच्या साधनांनी त्याचा फ्लेअर (जोडात बसणारं पाइपाचं पसरवलेलं तोंड) नीट बसत नाही.

नटांची गंमत वेगळीच. अमेरिकी गाड्यांत बहुधा ३/८-२४ आट्यांचा (३/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे) नट आणि दुहेरी, म्हणजे कड आत दुमडलेला, फ्लेअर. जपानी गाड्यांत फ्लेअर दुहेरीच, पण आटे एम१० x १.० (१० मिमी व्यास, दर मिलिमीटरला एक आटा), युरोपीय गाड्यांत तेच आटे, पण फ्लेअर बुडबुड्यासारखा फुगीर. ३/८-२४ आणि एम१० हे नट एकमेकांच्या जागी दोन-चार आटे जातातही, आणि मग आटे मरतात. जुना नट शेजारी धरून जुळवा.

काम सुरू करण्याआधी चारही चाकांचे ब्लीडर स्क्रू (ऑइलमधली हवा काढायचे) सुटतात का ते बघा. एखादा मोडला तर तो ज्यात बसतो तो चाकाचा कॅलिपर किंवा व्हील सिलिंडरही आणावा लागेल. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. जुना पाइप फेकायचाच आहे, तेव्हा तो नटाजवळ कापून टाका आणि नट सहा कोनी सॉकेटने काढा. साध्या पान्याने कोपरे हमखास घासतात. होजच्या (चाकाकडे जाणाऱ्या लवचीक रबरी नळीच्या) टोकाला दुसऱ्या पान्याने आधार द्या, नाहीतर होज पिळला जातो. आच देणार असाल तर आधी ब्रेक क्लीनर मारू नका: क्लोरीन असलेला क्लीनर तापला की विषारी वायू होतो. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पाइपात ढकलणारा) रिकामा होऊ नये म्हणून काठी टेकवून पेडल इंचभर दाबून ठेवा. त्याने वरच्या टाकीतून येणारं भोक बंद होतं आणि ब्रेक ऑइल गळायचं थांबतं. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत हे विसरू नका, कारण त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली की ती काढायला बहुधा स्कॅनर लागतो.

टोकं कापल्यावर उरलेला मूळ पाइप शक्यतो अखंड काढा आणि नवा त्याच्यावरूनच वळवा. पाइप कटरने कापा, आतली कड खरवडून गुळगुळीत करा, आणि फ्लेअर करण्याआधी नट पाइपात घाला. हे जो तो एकदा तरी विसरतो. दुहेरी फ्लेअरसाठी पाइप फ्लेअरच्या अवजाराच्या पकडपट्टीत धरून पट्टीच्या वर अ‍ॅडॉप्टरच्या खांद्याइतकाच ठेवा, ब्रेक ऑइलचा थेंब द्या, अ‍ॅडॉप्टर पट्टीला टेकेपर्यंत दाबा, मग तो काढून अवजाराच्या शंकूने दाबा. तोंड तिरकं किंवा चिरलेलं आलं तर कापून पुन्हा करा. नट आधी बोटांनी आणि मग पान्याने. बहुतेक ठिकाणी १५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. पाइप जुन्याच क्लिपांत घट्ट बसवा, सायलेन्सरच्या पाइपापासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर.

पाइप उघडल्याने शिरलेली हवा ब्लीडर स्क्रूंतून काढताना डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) पैकी झाकणावर लिहिलेलंच ऑइल, नव्या सीलबंद बाटलीतलं वापरा. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. तिरक्या सर्किटच्या (एक पुढचं आणि त्याच्या समोरच्या बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर) गाड्यांत तो वेगळा असतो. हे ऑइल रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर नट जास्त आवळू नका, फ्लेअर उघडून बघा. जुनं ऑइल इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका, वेगळ्या बाटलीत भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या.