झहीर खानचा आखूड झालेला रनअप

झहीर खानची आठवण निघाली की बहुतेक जण विश्वचषकाच्या दोन अंतिम सामन्यांविषयी बोलतात. पहिला २३ मार्च २००३ चा, जोहान्सबर्गचा, ज्याच्या पहिल्याच षटकात नोबॉल आणि वाइड टाकत त्याने १५ धावा दिल्या. दुसरा २ एप्रिल २०११ चा, वानखेडेचा, ज्याची सुरुवात त्याने सलग तीन निर्धाव षटकांनी केली. हे दोन्ही सामने मी पाहिले आहेत आणि दोन्ही माझ्या मनात घट्ट बसले आहेत. तरीही त्याच्या कारकिर्दीचा निकाल लावणारा काळ यांपैकी एकाही दिवशी आला नाही, असे माझे फार जुने मत आहे. तो काळ २००६ चा उन्हाळा होता, स्थळ इंग्लंडमधील वूस्टर होते, आणि भारतात तेव्हा त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते.

मी नगर जिल्ह्यात वाढलो आणि महाविद्यालयाच्या संघात डाव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी करत होतो, त्यामुळे श्रीरामपूरच्या या मुलाविषयी मला आधीपासून आपलेपणा वाटत आला आहे. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेला, मराठी शाळेत शिकलेला आणि अभियांत्रिकीची वाट सोडून मुंबईला गेलेला झहीर आमच्याकडच्या कितीतरी मुलांसारखाच होता. उसाच्या त्या पट्ट्यात क्रिकेट खेळणारे पुष्कळ होते. मात्र लेदरच्या चेंडूने, नेमक्या मार्गदर्शनाखाली, रोज गोलंदाजी करण्याची सोय फार थोड्यांना मिळे. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला घडवले आणि पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशन या वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या संस्थेत डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्या नजरेखाली त्याच्या वेगाला आकार आला. प्रथम श्रेणीत तो बडोद्याकडून उतरला आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये नैरोबीतल्या आयसीसी नॉकआउट स्पर्धेत भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्याच स्पर्धेत, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला. तो यॉर्कर पाहून आमच्या वसतिगृहाच्या टीव्हीसमोर जो आरडाओरडा झाला, तो मला आजही ऐकू येतो, कारण भारताचा वेगवान गोलंदाज वेगाने आणि अचूक टप्प्याने ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराला असा चकवेल, हे त्या दिवसांत आम्ही गृहीत धरत नव्हतो.

२००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले, हे त्या एका षटकाच्या चर्चेत दरवेळी मागे पडते. जवागल श्रीनाथ, आशिष नेहरा आणि झहीर या तिघांच्या जोरावर भारत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिस्बेनमध्ये त्याने कसोटीच्या एका डावात पाच बळी घेतले, आणि नंतर मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला. पुढची दोन वर्षे दुखणे, पुनरागमन आणि पुन्हा दुखणे अशी गेली. दरम्यान इरफान पठाण आला, आर. पी. सिंग आला, आणि डाव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा एकटा उरल्यामुळे जपावा लागेल, अशी त्याची स्थिती राहिली नाही. संघातली जागा गेली.

२००६ च्या उन्हाळ्यात झहीर वूस्टरच्या वूस्टरशायर या काउंटी संघाकडून खेळला. त्या हंगामाचे महत्त्व नीट समजून घेण्यासाठी वेगवान गोलंदाजाच्या शरीराचा विचार करावा लागतो. चेंडू सोडण्याच्या क्षणी पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो आणि तो गुडघा, मांडी, कंबर, पाठीचा कणा असा वर चढत जातो. झहीर चेंडू सोडण्याआधी हवेत चांगलीच उडी घेत असे, त्यामुळे जमिनीवर येतानाचा धक्काही तसाच मोठा असणार. हा भार दिवसभरात शंभरवेळा पेलायचा असेल, तर धावत येण्यात, उडीत आणि उतरण्यात एकही हालचाल वाया जाऊन चालत नाही. महाविद्यालयात एका मोसमात माझी कंबर धरली, तेव्हा या गोष्टीची चुणूक मला मिळाली. मी दर सामन्यात बारा-पंधरा षटके टाकत असे आणि तेवढीच मला झेपली नाहीत.

काउंटी क्रिकेटमध्ये, म्हणजे इंग्लंडमधील परगण्यांच्या संघांच्या स्पर्धांत, चार दिवसांचे सामने एकामागून एक येतात, प्रवास असतो, विश्रांती तुटपुंजी असते. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनिशी टाकणारा गोलंदाज तिथे ऑगस्टपर्यंत टिकत नाही. झहीरने रनअप, म्हणजे चेंडू टाकण्याआधीची धाव, आखूड केला, थोडा वेग सोडून दिला, आणि त्या बदल्यात मनगटाची स्थिती, शिवणीचा कोन आणि टप्पा यांवर हुकूमत मिळवली. हाताने शिवलेला, ठसठशीत शिवणीचा, इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू अशा गोलंदाजाला भरभरून देतो. त्या हंगामात त्याने काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत ७८ बळी घेतले आणि एसेक्सविरुद्ध एकाच डावात १३८ धावांत ९ फलंदाज बाद केले. मला मात्र या आकड्यांपेक्षा मोठी वाटते ती त्यामागची मनाची तयारी. वेग हीच ज्याची ओळख, त्याने तो आपल्या हाताने कमी करणे म्हणजे नावारूपाला आलेल्या गवयाने आपली प्रसिद्ध तान बाजूला ठेवून पुन्हा स्वर लावायला बसण्यासारखे आहे. २७ वर्षांच्या माणसाने, संघाबाहेर असताना, परक्या देशात हे केले.

त्याचे फळ वर्षभरात दिसले. डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गला भारताने दक्षिण आफ्रिकेत पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यात श्रीशांतच्या माऱ्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते, परंतु दुसऱ्या टोकाला झहीर होता. मग २००७ ची नॉटिंगहॅमची कसोटी आली. तो फलंदाजी करत असताना कुणीतरी खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकल्या आणि तो चिडला, एवढीच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली आहे. मला आठवतो तो त्याचा दुसऱ्या डावातला मारा. मायकेल वॉन १२४ धावांवर पोहोचून जम बसवून खेळत होता. झहीरने त्याचा त्रिफळा उडवला आणि पाठोपाठ इयान बेलला शून्यावर पायचीत पकडले. डावखुऱ्या फलंदाजांना तो राउंड द विकेट येऊन गोलंदाजी करी, चेंडू दोन्ही बाजूंना वळवी, आणि आपला ऑफ स्टंप नेमका कुठे आहे याचा अंदाज त्यांना पुन्हा पुन्हा नव्याने बांधावा लागे. पहिल्या डावात ५९ धावांत ४, दुसऱ्यात ७५ धावांत ५. भारताने तो सामना आणि ती मालिका जिंकली. इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकण्याची ही १९८६ नंतरची पहिलीच वेळ होती.

जुना चेंडू रिव्हर्स, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने स्विंग, होऊ लागला की चकाकती बाजू फलंदाजाला दिसू नये म्हणून तो धावत येताना चेंडूवर दुसरा हात ठेवी. किती साधी गोष्ट, पण त्यामुळे फलंदाजाचा अर्धा क्षण हिरावला जातो. पुढे त्याने बोटांच्या पेरांमध्ये चेंडू धरून टाकायचा नकल बॉल सरावात घोटला आणि २०११ च्या विश्वचषकात तो काढला. त्या स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. बंगळूरला इंग्लंड सहज जिंकणार असे वाटत असताना त्याने बेल आणि स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले आणि सामना बरोबरीत सुटला. वानखेडेवरची ती तीन निर्धाव षटके याच माणसाची होती. शेवटच्या षटकांत त्याला मार बसला आणि दहा षटकांत ६० धावा गेल्या, हेही खरे, आणि ते सांगितल्याने त्याचे मोठेपण कमी होत नाही.

शरीराने मात्र हिशेब सोडला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी, स्ट्रॉस आणि कुक यांना बाद केल्यानंतर, त्याची मांडी पुन्हा धरली आणि तो मैदानाबाहेर गेला. भारताने ती मालिका ०-४ अशी गमावली. त्या पराभवाची कारणे अनेक होती, परंतु माऱ्याला दिशा देणारा माणूस ड्रेसिंग रूममध्ये बसलेला असणे, हे त्यांतले सर्वांत मोठे होते असे मी मानतो.

त्याची शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅकलमने न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात ३०२ धावा केल्या, न्यूझीलंडने ६८० धावांवर डाव घोषित केला. पस्तिशीत पोहोचलेल्या झहीरने त्या डावात ५१ षटके टाकली आणि १७० धावांत ५ बळी घेतले. मॅकलमला अखेर त्यानेच धोनीकरवी झेलबाद केले. त्यानंतर तो भारताकडून खेळला नाही, आणि १५ ऑक्टोबर २०१५ रोजी, ९२ कसोटींत ३११ आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी नावावर असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. वेलिंग्टनच्या त्या ५१ षटकांचे धावते वर्णन मी पहाटेपासून सकाळपर्यंत जागून ऐकत होतो, आणि चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याच हाती जात होता.