साडेअकराची मॅटिनी
आज मुंबई सेंट्रलला गाडीला वेळ होता, म्हणून मराठा मंदिरात घुसलो. १९९५ पासून मॅटिनीला लागणारा तोच तो 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'. फोनवर कधीही दिसतो, पण घरी मी गाणी पुढे ढकलतो. इथे गाणं लागलं की मागची पोरं गायलाच लागली. शेजारचे काका मांडीवर बॅग घेऊन शाहरुखच्या आधी डायलॉग म्हणत होते! (आधी वैतागलो, मग मीही सुरू झालो.) मोठा पडदा, मोठा आवाज ठीकच. पण घरी रिमोट आपल्या हातात असतो ना, तिथेच सगळं बिघडतं. इथे पॉज नाही, कुकरची शिट्टी नाही. आईने हा टीव्हीवर कितीदा बघितलाय, थिएटरात एकदाही नाही. तेव्हा मी तान्हा होतो म्हणे. पुढच्या खेपेला तिला घेऊन येतो.