हायसिंथचं बेसूर गाणं आणि पॅट्रिशिया राउटलेजचा गळा

ब्रिटिश अभिनेत्री आणि गायिका पॅट्रिशिया राउटलेज ३ ऑक्टोबर २०२५ ला गेल्या, ९६ वर्षांच्या होत्या. आमच्या ठाण्यातल्या ग्रुपांवर त्या दिवशी एकच फोटो फिरत होता, फुलाफुलांचा ड्रेस, हॅट आणि कानाला टेलिफोन. म्हणजे हायसिंथ, त्यांच्या गाजलेल्या विनोदी सिरीयलमधली मोठेपणा मिरवणारी बाई. साहजिक आहे, केबलवर बीबीसीचं एंटरटेनमेंट चॅनल लागायचं तेव्हा 'कीपिंग अप अपिअरन्सेस' आमच्याकडे नौपाड्यात रोज चालू असायचं आणि आईला इंग्लिश अर्धंमुर्धं कळायचं तरी ती पोट धरून हसायची, कारण पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या कपबशा काढणारी आणि शेजारणीकडे नको तेवढं लक्ष असणारी बाई कुठल्या सोसायटीत नसते? पण श्रद्धांजलीच्या एवढ्या पोस्ट वाचल्या, त्यात त्यांच्या गाण्याबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी सिरीयल बघितलीय त्यांना आठवत असेल, शेजारच्या एलिझाबेथचा भाऊ एमेट हा संगीतातला माणूस, हौशी मंडळींचे ऑपेरा बसवणारा, आणि त्याने आपल्याला एखादा रोल द्यावा म्हणून हायसिंथ तो दिसला रे दिसला की तार सप्तकात सुरू होते. तो बिचारा घरातून गाडीपर्यंत लपतछपत जातो. सूर जरासाच सरकलेला, कंप गरजेपेक्षा जास्त, आणि आत्मविश्वास मात्र मोठ्या गायिकेचा. आता हे करणं किती अवघड आहे ते गाणं शिकणाऱ्याला विचारा. मी गाण्याच्या क्लासला जाते तिथे आम्ही एकदा मुद्दाम प्रयत्न केला होता, ओळीभर सारखं तेवढंच बेसूर राहायचं, आणि कोणालाच जमेना, कान आपोआप सुरावर ओढून आणतो नाहीतर मग सगळंच कोसळतं. नेमकं हवं तेवढंच बिघडवायला गळा पूर्ण ताब्यात लागतो, आणि तो या बाईंकडे होता.

जन्म १९२९ चा, लिव्हरपूलच्या समोर नदीपलीकडे बर्कनहेडमधला, वडिलांचं कपड्यांचं दुकान. लिव्हरपूल युनिव्हर्सिटीत इंग्लिश घेऊन शिकल्या, मग ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या स्कूलमध्ये ट्रेनिंग, आणि १९५२ मध्ये लिव्हरपूल प्लेहाऊसला पहिलं व्यावसायिक काम. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'डार्लिंग ऑफ द डे' नावाचं म्युझिकल, म्हणजे गाण्यांचं नाटक, केलं, ते ३१ प्रयोगांत बंद पडलं तरी तिथल्या रंगभूमीचं मानाचं टोनी अवॉर्ड यांना मिळालं, लेस्ली अगम्सबरोबर विभागून. नाटक पडलं आणि नटीला मान मिळाला, म्हणजे काम काय झालं असेल विचार करा.

मग १९७६ ला लिओनार्ड बर्नस्टाईनचं संगीत असलेलं '१६०० पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू', ते तर सातच प्रयोगांत गुंडाळलं. त्यात यांनी अमेरिकेच्या वेगवेगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या बायका साकारल्या होत्या आणि एका गाण्यात तर मावळती फर्स्ट लेडी आणि नवी फर्स्ट लेडी दोघी एकट्यानेच, एकाच वेळी, आवाज बदलत, एकमेकींना टोमणे मारत! हे गाणं मी परत परत ऐकते. आपल्याकडे संगीत नाटकात गाता गाता अभिनय करायची जी कला आहे ना, गद्यातून पदात शिरताना पात्र सुटू द्यायचं नाही, ती ज्यांना कळते त्यांना हे लगेच भिडेल. पुढे १९८८ मध्ये बर्नस्टाईनच्याच 'कँडीड' या म्युझिकलसाठी त्यांना लंडनच्या रंगभूमीचं ऑलिव्हिए अवॉर्ड मिळालं.

हायसिंथ आली १९९० मध्ये, म्हणजे वयाची साठी उलटल्यावर. पाच सिझन केले, १९९५ ला स्वतःहूनच थांबवलं, नंतर १९९६ ते ९८ 'हेटी वेनथ्रॉप'मध्ये डिटेक्टिव्ह आजी झाल्या (तीही छान आहे, पण मला तेवढी आवडत नाही). हायसिंथ टीव्हीवर गाजत असताना, १९९२ मध्ये, त्या लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'कॅरोसेल' या म्युझिकलमधली नेटी करत होत्या, आणि 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणं नेटीच्याच वाट्याला येतं, जे लिव्हरपूलच्या फुटबॉलवाल्यांनी आपलं करून टाकलंय. टीव्हीवर ज्या गळ्याला अख्खा देश हसत होता तोच गळा तिथे हे गाणं सरळ, सुरात गात होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गाणं बाजूला ठेवलं तरी बोलण्यातही तीच लय. नाटककार ॲलन बेनेटने टीव्हीसाठी लिहिलेल्या 'टॉकिंग हेड्स' या एकपात्री मालिकेत १९८८ साली त्यांनी 'अ लेडी ऑफ लेटर्स' केलं. एकटी राहणारी मिस रडक, दिवसभर खिडकीतून बघणार आणि सगळ्यांना तक्रारीची पत्रं लिहिणार. समोरच्या घरातल्या मुलाकडे आईबाप लक्ष देत नाहीत असा आरोप ती करते आणि ते मूल खरं तर हॉस्पिटलमध्ये असतं, मरतं. शेवटी बाई जेलमध्ये जाते, आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा तिला मैत्रिणी मिळतात, ती फुलते. समोर फक्त कॅमेरा आणि राउटलेज, तरी नजर हलत नाही. हसू येत असतानाच पोटात खड्डा पडतो. माझ्या मते हे त्यांचं टीव्हीवरचं सगळ्यात मोठं काम, हायसिंथपेक्षाही.

एकपात्री बघायला ठाण्यात प्रेक्षक आहे, गडकरी रंगायतनला आणि घाणेकर नाट्यगृहाला मी स्वतः बघितलाय. ही मिस रडक आपल्या एखाद्या ताकदीच्या नटीने मराठीत करावी असं फार वाटतं, आणि करताना वाक्यांचा ताल सांभाळणारी, गाता गळा असलेलीच कोणीतरी घ्या, कारण त्या पत्रांमध्ये विनोद कुठे थांबतो आणि दुःख कुठे सुरू होतं ते सगळं श्वासावर आहे.