फिलाडेल्फियातला हिवाळा आणि पिचरचा खांदा

भारतात असताना बेसबॉल म्हणजे उन्हाळ्यातला खेळ, एवढंच माहीत होतं. फिलाडेल्फियाजवळ, न्यू जर्सीतल्या चेरी हिलला राहायला आले आणि कळलं, की या भागात बेसबॉलवर खरं बोलणं होतं ते डिसेंबरात. मैदान ओस पडलेलं असतं, बाहेर कडाक्याची थंडी असते, आणि न्हाव्याच्या दुकानापासून ऑफिसातल्या कॉफी मशीनपर्यंत एकच विषय चालतो: फिलाडेल्फियाचा संघ फिलीज यंदा कुठला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणणार?

एवढी चर्चा पिचरचीच का, हे आधी सांगते. सामना सुरू करणारा पिचर साधारण नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो, कारण खांदा आणि कोपर त्याहून जास्त ताण सोसत नाहीत. १६२ सामन्यांच्या हंगामाला म्हणून असे पाच पिचर लागतात. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतर ऑक्टोबरात होणाऱ्या बाद फेरीत, मात्र सामन्यांच्या मध्ये सुट्टीचे दिवस येतात आणि तीन-चार जणांवर भागतं. म्हणजे ज्यांच्याकडे दोन अव्वल पिचर आहेत, त्यांचं बळ ऑक्टोबरात एकदम वाढतं. हिवाळ्यात कोट्यवधी डॉलर एका हातावर लावले जातात ते याच हिशेबावर.

इथले जुने चाहते २०१०चा डिसेंबर अजून काल घडल्यासारखा सांगतात. पिचर क्लिफ ली न्यूयॉर्क यांकीज संघाकडे जाणार असंच सगळे धरून चालले होते. त्याने यांकीजचा जास्त पैशांचा प्रस्ताव बाजूला ठेवला आणि पाच वर्षांसाठी १२ कोटी डॉलरवर फिलीजशी करार केला. रॉय हॅलाडे, कोल हॅमल्स आणि रॉय ऑस्वाल्ट हे पिचर संघात आधीपासून होतेच. २०११मध्ये या संघाने १०२ सामने जिंकले. आणि ७ ऑक्टोबरला, प्लेऑफमधल्या मालिकेच्या पाचव्या निर्णायक सामन्यात, सेंट लुईस कार्डिनल्सकडून १-०ने हरला. हॅलाडेने आठ इनिंगमध्ये फक्त एक धाव दिली होती. समोर त्याचाच जुना मित्र ख्रिस कार्पेंटर होता, आणि त्याने एकही दिली नाही. शेजारचे आजोबा हे सांगतात तेव्हा हॅलाडेबद्दल तक्रारीचा एक शब्दही काढत नाहीत. त्याच्या वर्षभर आधी, २०१०मध्ये, याच मैदानावर, प्लेऑफमधल्या त्याच्या पहिल्याच सामन्यात, त्याने सिनसिनाटीला एकही हिट (चेंडू मारून बेस गाठणं) मिळू दिली नव्हती. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. हॅलाडे २०१७मध्ये विमान अपघातात गेला. त्याचं नाव इथे घरातल्या माणसासारखं घेतात.

मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतला सर्वांत शहाणा करार झॅक व्हीलरचा. डिसेंबर २०१९मध्ये पाच वर्षांसाठी ११ कोटी ८० लाख डॉलर दिले, तेव्हा पुष्कळांना ते फार वाटले होते. त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया होऊन गेलेली होती. पण २०२१ आणि २०२४, दोन्ही वर्षी साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला, आणि ऑक्टोबरात चेंडू त्याच्या हातात असला की स्टँडमध्ये भरवसा जाणवायचा. ऑगस्ट २०२५मध्ये त्याच्या खांद्याजवळ रक्ताची गुठळी सापडली आणि हंगाम संपला. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. आता क्रिस्तोफर सांचेझ आहे, २०२५च्या मतदानात दुसरा आलेला. संघाने त्याला स्वतः घडवलंय, म्हणून त्याच्यावर माझा जास्त जीव.

प्लेऑफचा सामना मैदानावर जाऊन पाहावाच. चेरी हिलजवळून पॅटकोची लोकल गाडी घ्यायची, बेन फ्रँकलिन पुलावरून डेलावेअर नदी ओलांडायची, शहरात ब्रॉड स्ट्रीट लाइन ही मेट्रो पकडायची आणि दक्षिणेकडच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. संध्याकाळी अख्खा डबा लाल टी-शर्टांनी भरलेला असतो आणि अनोळखी माणसं एकमेकांशी आजच्या पिचरबद्दल बोलत असतात. फिलीजच्या मैदानात, सिटिझन्स बँक पार्कमध्ये, घरचं खाणं नेता येतं, हे मला फार आवडतं. आमची पोळी-भाजीची गुंडाळी ठरलेली. होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, झाला की मैदानाबाहेरची निऑनची प्रचंड घंटा हलायला लागते. पण मला त्याहून भारी वाटतो तो दोन स्ट्राइक झाल्यानंतरचा, म्हणजे तिसऱ्या स्ट्राइकवर फलंदाज बाद होणार असतानाचा, क्षण. चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं उठून उभी राहतात, हातातले टॉवेल फिरवतात, आणि तो आवाज पायाखालच्या सिमेंटमध्ये जाणवतो.

तुमच्यापैकी बरेच जण मुलांकडे उन्हाळ्यात येता आणि सप्टेंबरात परतता. एकदा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहा. कोण कुणाशी खेळणार हे हंगाम संपता संपताच ठरतं, तेव्हा परतीचं तिकीट जरा पुढचंच काढा. वरच्या मजल्यावरची जागा स्वस्त पडते आणि तिथून सगळं मैदान दिसतं. फक्त स्वेटर आणि कानटोपी विसरू नका, रात्री नदीकडून वारा सुटतो.